नित्याचे वाक्प्रचार व त्यांच्यामागील वस्तू

(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही देवस्थानच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त सहज चाळले, तर त्यात अशा तऱ्हेची वाक्ये हमखास आढळतात : अमुक कामाचा श्रीगणेशा झाला, तमुक महाजनांनी आपल्या येण्यावर पाणी सोडले, कंत्राटदाराने समितीच्या विनंतीस वाटाण्याच्या अक्षता लावल्या, हिशेब कसोटीस उतरला, आणि अखेर सभेने अमक्या बाजूने कौल दिला. लिहिणाऱ्याने काही अलंकारिक लिहावे असा हेतू धरलेला नसतो, आणि वाचणाऱ्यासही त्यात विशेष असे काही वाटत नाही. तरी ह्या पाच वाक्यांत धूळपाटीपुढे बसलेला मुलगा आहे, दान देणारा यजमान आहे, लग्नाचे आमंत्रण आहे, सोनाराचा काळा दगड आहे आणि देवाच्या अंगावरील ओली पाकळी आहे. ह्या वस्तूंचा शोध हा आजचा विषय.

हा शोध केवळ हौसेचा नाही. वाक्प्रचारामागील वस्तू दृष्टीआड झाली की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो भलत्याच अर्थी वापरला जातो; नाहीतर त्याच्या पाठीशी कोणीतरी एक चटकदार कथा रचून उभी करतो. दुसरा प्रकार अधिक घातक होय, कारण कथा मुलांच्या मनात जन्मभर राहते आणि पुढे इतिहास म्हणून मिरवते. दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशात हजारो संप्रदाय गोळा करून ठेवले, त्यापूर्वी मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात अशी पुष्कळ सामग्री आली. परंतु कोशात अर्थ सापडतो. वस्तू डोळ्यांनी पाहावी लागते. आणि ज्या थोड्या ठिकाणी ह्या वस्तू अद्याप नित्याच्या वापरात आहेत, त्यांत देऊळ हे प्रमुख आहे.

ह्या विषयाचा विचार आपल्या अलंकारशास्त्राने फार पूर्वी केला आहे. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, आणि सरळ अर्थ जुळेनासा झाला म्हणजे त्याच्या शेजारचा अर्थ देणारी ती लक्षणा. ही लक्षणा कधी काही प्रयोजनाने होते, कधी नुसत्या रूढीने. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात रूढीचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला. कुश म्हणजे दर्भ. हात कापून न घेता दर्भ तोडून आणतो तो कुशल. आणि त्यावरून कोणत्याही कामात निपुण तो कुशल. चौदाव्या शतकातील साहित्यदर्पणकार विश्वनाथास हे मान्य झाले नाही. शब्द कशापासून बनला ही एक गोष्ट आणि तो कोणत्या अर्थी चालतो ही दुसरी. निपुण हाच त्याचा मुख्य अर्थ मानावा, असा त्याचा आक्षेप. तर्काच्या दृष्टीने विश्वनाथाचे पारडे जड आहे हे खरे. तथापि दर्भाच्या पात्याने ज्याचे बोट एकदा चिरले आहे, अशा कोणाही पुरोहितास मम्मटच जवळचा वाटेल.

प्रारंभाचा वाक्प्रचार प्रथम घेणे उचित. श्रीगणेशा करणे म्हणजे आरंभ करणे. जुन्या शाळेत धूळपाटीवर पहिली अक्षरे गिरवायची ती ‘श्रीगणेशाय नमः’ ही. त्यापाठोपाठ येई ‘ओ ना मा सी धं’. मुलांना त्याचा अर्थ ठाऊक नसे, आणि कित्येकदा पंतोजींनाही नसे. ‘ॐ नमः सिद्धम्’ ह्या वंदनाचे ते मुलांच्या तोंडी पडून झालेले रूप; त्यातूनच ‘ओनामा’ हे स्वतंत्र नाम निघाले. ह्याच्या उलट टोकास ‘इतिश्री’. हल्ली एखादी संस्था बुडाली म्हणजे तिची इतिश्री झाली असे शोकाने लिहितात. परंतु पोथी ज्यांच्या घरी वाचली जाते त्यांस ठाऊक आहे की ‘इति श्री’ हे शब्द प्रत्येक अध्यायाच्या शेवटी येतात, आणि पान उलटले की पुढचा अध्याय सुरू होतो.

दानधर्माने मराठी भाषेस जितके वाक्प्रचार पुरविले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने पुरविले असतील. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे, उदक सोडणे, तुळशीपत्र ठेवणे, ही सर्व एकाच विधीची अंगे. यजमान संकल्प करतो, देय वस्तूवर तुळशीपत्र ठेवतो आणि ‘न मम’ म्हणून हातातील उदक सोडतो. त्या क्षणी वस्तूवरील त्याची सत्ता संपते. जुन्या दानपत्रांतही उदकपूर्वक दिल्याचा उल्लेख असतो. ते पाणी म्हणजे आजची नोंदणी होय. यास्तव, रागाच्या भरात सोडून दिलेल्या वस्तूस ‘तुळशीपत्र ठेवले’ म्हणणे शोभत नाही. तुळशीपत्र ठेवणारा स्वस्थचित्ताने देतो, आणि दिलेले परत मागत नाही.

वाटाण्याच्या अक्षता लावणे हा विनोदी संप्रदाय. अक्षता म्हणजे कुंकवाने माखलेले अखंड तांदूळ. आमंत्रण देताना त्या द्यावयाच्या, कपाळी लावावयाच्या. ओल्या कुंकवावर तांदूळ चिकटून राहतो, वाटाणा घरंगळून पायाशी पडतो. तेव्हा ज्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, त्याचा मान केल्यासारखा तर झाला, पण हाती काही राहिले नाही. गोड बोलून दिलेल्या नकारास ह्याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. उर्मट नकारास मात्र तो लावू नये.

देव पाण्यात घालून बसणे हा संप्रदाय सांप्रत निवडणुकीच्या बातम्यांत फार दिसतो. घरातील मनुष्य अत्यवस्थ असता किंवा मोठे संकट आले असता देव्हाऱ्यातील देव पाण्यात ठेवायचे आणि कार्य झाल्यावरच बाहेर काढायचे, ही चाल होती. पाऊस लांबला म्हणजे शिवाची पिंडी पाण्याखाली जाईपर्यंत अभिषेक करतात, तो ह्याचाच सार्वजनिक प्रकार. दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून टपून बसलेल्यास हा शब्द आता सर्रास लावतात; मुळात ती भक्ताची काकुळती होती.

घरादारावर गाढवाचा नांगर फिरविणे ह्या शब्दांपाशी जरा थांबले पाहिजे, कारण ते मराठी भाषेहून जुने आहेत. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरी येथे हाथीगुंफा नावाची गुहा आहे. तेथील खारवेल राजाचा प्राकृत शिलालेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्यात पिथुंड हे नगर जिंकून राजाने ते गाढवाच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख वाचला गेला आहे. म्हणजे निदान दोन हजार वर्षे ही शिक्षा लोकांस ठाऊक होती. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. पुढे शिवाजी महाराजांच्या बाळपणी तेथेच सोन्याच्या फाळाचा नांगर धरून ती भूमी पुन्हा वसविल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. गाढवाच्या नांगराचा अर्थ केवळ नाश असा नाही. येथे पुन्हा वस्ती होऊ नये, ही भूमी अमंगळ झाली, असे सर्वांदेखत जाहीर करणे हा त्याचा अर्थ. म्हणून सोन्याचा फाळ लागला.

गाढव अमंगळ कसे ठरले ते कोकणात व गोव्यात शिलाहारकाळापासून आढळणाऱ्या गद्धेगाळांवरही दिसते. ह्या शिळांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य व बहुधा कलश, मध्ये दानाचा लेख, आणि तळाशी दान मोडणाऱ्यास दिलेला शाप चित्ररूपाने कोरलेला असतो. त्या चित्राचे वर्णन ह्या सभेत करण्याजोगे नाही. गाढव त्यात आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे. परंतु त्याच शिळेच्या माथ्याकडून ‘आचंद्रार्क’ आणि ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ हे शब्द आपल्याकडे आले. चंद्रसूर्य असेतो हे दान चालावे, ही वरची अपेक्षा. आणि ते मोडण्याचा मोह मनुष्यास होणार, हा खालचा अनुभव. देवस्थानांच्या जमिनींचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्यावर अधिक भाष्य नको.

आता इतिहासातून आलेले वाक्प्रचार. येथे रचलेल्या कथांचे पीक सर्वांत अधिक. पानिपत होणे ह्याबद्दल शंका नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा जो संहार झाला त्याचे नावच सर्वनाशाचे नाव झाले. विश्वासराव तेथे पडले, म्हणून ‘विश्वास पानिपतात गेला’ ही श्लेषयुक्त उक्ती निघाली. परंतु ह्याच तारखेवरून आणखी एक उपपत्ती सांगितली जाते : ‘संक्रांत कोसळणे’ हा शब्दप्रयोगही पानिपतामुळेच पडला, कारण तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. ही उपपत्ती इतकी प्रचलित आहे की शिक्षकही ती वर्गात सांगतात. ती टिकत नाही. आपली संक्रांत निरयन असल्याने इंग्रजी तारखेच्या मानाने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी ही सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पौष शुद्ध अष्टमीस रणधुमाळी माजली तेव्हा तिळगूळ वाटून तीन-चार दिवस लोटले होते.

मग संक्रांत कोसळते ती कोठून? त्याचे उत्तर प्रत्येक घरातील पंचांगात छापलेले आहे. संक्रांत ही पंचांगात देवता मानलेली आहे. तिचे वाहन त्या वेळच्या करणावरून ठरते. तिचे वस्त्र, शस्त्र, अलंकार, भोजन, ती कोणत्या दिशेकडून येते, कोणीकडे जाते, कोठे पाहते, हे सारे दरवर्षी सांगितलेले असते. ज्या वस्तूंचा ती स्वीकार करते त्या महाग होतात, ज्या दिशेस ती जाते तिकडच्या लोकांस पीडा होते, असे फल त्यात वाचावयास मिळते. ‘यंदा संक्रांत कोणावर?’ ह्या प्रश्नास दरवर्षी नवे उत्तर असे. सुगड, हळदकुंकू आणि तिळगूळ यांच्या आनंदामागे ही धास्ती होती. ज्याच्यावर संक्रांत आली तो त्या वर्षीचा दुर्दैवी. एवढा सरळ उलगडा पंचांगाच्या पानावर असता पानिपतापर्यंत जावे लागले, कारण पंचांगातून आपण सुट्ट्या तेवढ्या पाहतो.

‘ध चा मा करणे’ ह्याची गोष्ट निराळी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. ‘धरावे’ असा हुकूम असता आनंदीबाईंनी एका अक्षराच्या फेराने ‘मारावे’ असा केला, असे परंपरा सांगते. ह्या वाक्प्रचाराची कथा निदान योग्य प्रसंगाची आहे. परंतु वाक्प्रचार म्हणजे पुरावा नव्हे. एका स्त्रीवरील आरोप दोन-अडीचशे वर्षे प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडून नव्याने होत राहतो, हे भाषेचे सामर्थ्य म्हणावे की अन्याय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

सभेत लिसेवमध्ये शिकलेली काही ज्येष्ठ मंडळी असतील. त्यांस पोर्तुगीजमधील ‘फिकार आ व्हेर नाव्हियुश’ हे शब्द आठवत असतील. जहाजे पाहात राहणे असा त्याचा शब्दार्थ, आणि आशा धरून हात हलवीत राहणे असा लक्ष्यार्थ. पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा राजा दों सेबाश्तियांव ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोत आल्कासर-किबीर येथे सैन्यासह नष्ट झाला. तो मेला यावर लोकांचा विश्वास बसेना. लिस्बनमधील टेकडीवर उभे राहून लोक त्याच्या जहाजाची वाट पाहात, आणि त्यावरून हे शब्द निघाले, अशी तिकडची लोकप्रिय उपपत्ती. ती खरी असो वा नसो, एक साम्य विलक्षण आहे. पोर्तुगालमध्ये पुढे खोटे सेबाश्तियांव निघाले, आणि पानिपतानंतर पेशवाईत सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला. ‘तोतया’ हा शब्द मराठी मनुष्यास आज इतका परिचित आहे तो बराचसा त्याच्यामुळेच.

भाषांची देवघेव गोव्यात व कोकणात वाक्प्रचारांपर्यंत पोहोचली, ती अशी की आता शिवण दिसत नाही. अब्रूचा लिलाव झाला असे अस्सल मराठीच्या अभिमानाने लिहिणाऱ्यास ‘लिलाव’ हा पोर्तुगीज ‘लैलांव’ आहे हे स्मरत नाही. आपल्या देवळांत त्यासाठी ‘पावणी’ हा शब्द आहेच. तुरुंगाची हवा खाणे ह्यातील तुरुंगही पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला, त्याचा एक अर्थ गुन्हेगाराचे पाय अडकविण्याचा लाकडी खोडा. उघड्यावर खोड्यात बसविलेल्या मनुष्यास खावयास हवेशिवाय दुसरे काय मिळणार!

नाण्यांचीही अशीच गंमत आहे. ‘सोळा आणे खरे’ असे गोव्यातील वडीलधारी मंडळी सर्रास म्हणत. परंतु पोर्तुगीज अंमलात १८७१ नंतर इथल्या रुपयाचे भाग होते ते सोळा टांगांचे, म्हणजे ९६० रैशांचे. देवस्थानांच्या त्या काळच्या हिशेबांत रुपये, टांगा व रैस असेच आकडे. पुढे १९५८-५९ मध्ये एस्कुदो आला. १९६१ च्या अखेरीस गोवा मुक्त होऊन भारतीय रुपया आला, तेव्हा १ एप्रिल १९५७ पासून त्याचे शंभर नये पैसे झालेले होते. म्हणजे हिशेबात टांगा लिहिणारा मनुष्य तोंडाने आणे म्हणत असे; आणि आण्याचे राज्य येथे येण्यापूर्वीच आणा हिशेबातून गेला होता. भाषेला सरहद्द नव्हती, एवढाच ह्याचा अर्थ. टांग्यांवर एखादा वाक्प्रचार का रुजला नाही, ह्याचे मात्र नवल वाटते.

कसोटीस उतरणे सर्वांस ठाऊक आहे. काळ्या दगडावर सोने घासून उमटलेली रेघ माहीत असलेल्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहावयाची; संस्कृत ‘कषपट्टिका’ हे ‘कसोटी’चे मूळ. दिवाळे निघणे ह्यात दिवा आहे : बुडालेला सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावी, ते देणेकऱ्याच्या असमर्थतेचे जाहीर चिन्ह. आणि पोबारा करणे हे सोंगट्यांच्या पटावरून आलेले. तीन फाशांवर दोन सहा आणि एक ‘पौ’ म्हणजे एक, असे दान पडले की पौ-बारा. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे भाग्य उघडले. मराठीत पोबारा म्हणजे पलायन. दान तेच, उत्तरेच्या मनुष्याने जिंकणारा पाहिला, मराठी मनुष्याने पळणारी सोंगटी पाहिली.

शेवटी दोन शब्द खास देवळातले. सत्कारसमारंभात ज्याचा सत्कार होतो त्यास वर्तमानपत्रे ‘उत्सवमूर्ती’ म्हणतात. हा गौरव आहे असे सर्वजण समजतात. परंतु देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल असते, आणि पालखीतून मिरविण्यासाठी वेगळी उत्सवमूर्ती असते. मिरवणूक संपली की ती आत ठेवली जाते. सत्कार घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले तर त्यांचे समाधान टिकेल.

दुसरा शब्द कौल. मूळ अरबी ‘कौल’, म्हणजे वचन. मुसलमानी अमदानीतून तो महसुलात आला. पडीक जमीन लावणाऱ्यास अमुक वर्षे कमी सारा घेऊ असे सरकारने दिलेले अभय तो कौल, आणि त्याचा कागद तो कौलनामा. तेथून तो देवळात शिरला. राजाने प्रजेस दिलेले वचन तो कौल, तसे देवाने भक्तास दिलेले वचनही कौलच. मूर्तीच्या अंगावर ठरल्या जागी पाण्याने भिजविलेल्या कळ्या वा पाकळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि कोणती पाकळी कोठे पडते ते पाहात राहावयाचे. उजवीकडे पडली तर उजवा कौल. लग्न जमवावे की नाही, जमीन घ्यावी की नाही, घराचा पाया कोठे घालावा, अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या ह्या पाकळीने निर्णय दिले. त्या काही क्षणांत देवळात जी शांतता असते ती ज्यांनी अनुभविली आहे, त्यांस ‘कौलाकडे डोळे लागणे’ ह्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. गाऱ्हाणे ह्या शब्दाचीही तीच स्थिती. घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. येथे ते देवापुढे उभे राहून, गावाचे व घराण्याचे नाव घेऊन, मोठ्याने केलेले मागणे आहे.

आणि देवळातून हा शब्द मतपेटीत गेला. मतदारांनी कौल दिला, हे आता छापून छापून गुळगुळीत झाले आहे. येथे देव कोण आणि भक्त कोण, ह्याची अदलाबदल झाली आहे हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही : उमेदवार गाऱ्हाणे घालतो आणि मतदार मूर्तीसारखा स्तब्ध असतो. गोव्यात तर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या मतदानास नावच ‘जनमत कौल’ असे मिळाले. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, असा तो प्रश्न. संघप्रदेशाच्या बाजूने ३४,०२१ मते अधिक पडली. त्या प्रश्नावर ह्याच सभेतील घराघरांत दोन मते होती, आणि त्यात आज शिरण्याचे कारण नाही. शब्दापुरते एवढेच नमूद करावयाचे की, मतपत्रिकेवर विलीनीकरणाची खूण होती फूल आणि संघप्रदेशाची खूण होती दोन पाने.